एसयूव्हीचा विमा : आधी अटी सारख्या करा, मग रक्कम बघा

एसयूव्हीचा विमा किती येणार, याचा बराचसा भाग तुम्ही विमा कंपनीशी बोलण्याआधीच ठरलेला असतो. तो ठरतो इंजिनावर. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा, प्रीमियम केंद्र सरकार ठरवतं, त्यामुळे तो सगळ्या कंपन्यांकडे एकच असतो. १ जून २०२२पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि १५००च्या वर गेलं की एकदम ७,८९७ रुपये. गाडी बाहेरून केवढी दिसते, सीटा पाच आहेत की सात, याच्याशी या दराचं काही देणंघेणं नाही.

म्हणून सात सीटांची बोलेरो १४९३ सीसीची असल्यामुळे मधल्या गटात बसते आणि थारचं १९९७ सीसीचं पेट्रोल इंजिन वरच्या गटात जातं. मॅग्नाइट ९९९ सीसीची, म्हणजे सगळ्यात खालचा गट. क्रेटाचं दीड लिटरचं इंजिन १५००च्या रेषेच्या आत, तर १९५६ सीसीच्या हॅरियर-सफारी आणि दोन लिटर किंवा त्याहून मोठ्या इंजिनाची स्कॉर्पिओ-एन रेषेच्या पलीकडे. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदम घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८पासून हा नियम आहे. मधल्या गटाला तिचे १०,६४० रुपये पडतात आणि वरच्या गटाला २४,५९६. अठरा टक्के जीएसटी धरला तर फरक साडेसोळा हजारांच्या आसपास जातो. (सप्टेंबर २०२५मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, गाडीच्या विम्यावरचा मात्र कायम आहे.) क्रेटा घ्यावी की स्कॉर्पिओ-एन, अशा विचारात असाल तर हा आकडा हिशेबात धरा, कारण तीन वर्षांनंतरही गटातला फरक दरवर्षी मागे लागणार आहे.

इलेक्ट्रिक एसयूव्ही घेणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते. इलेक्ट्रिक गाडीला थर्ड पार्टीत १५ टक्के सवलत आहे हे ऐकलेलं असतं आणि ते खरंही आहे. पण तिथे गट सीसीवर पडत नाहीत, मोटरच्या किलोवॅटवर पडतात : ३०पर्यंत १,७८० रुपये, ३० ते ६५ला २,९०४ आणि ६५च्या वर ६,७१२. नेक्सॉन ईव्हीची मोटर ६५ किलोवॅटच्या बरीच वर आहे. म्हणजे तीच नेक्सॉन ११९९ सीसीच्या पेट्रोलमध्ये घेतली तर ३,४१६ आणि विजेवरची घेतली तर ६,७१२. २०२४मध्ये आलेल्या पंच ईव्हीत लहान बॅटरीच्या गाडीची मोटर ६० किलोवॅटची होती, ती मधल्या गटात बसली. मोठ्या बॅटरीची गाडी वर गेली. इंधनात वाचणाऱ्या पैशांपुढे ही रक्कम लहान आहे, मला ती टाळण्यासारखी वाटत नाही. पण शोरूममध्ये 'ईव्हीचा इन्शुरन्स स्वस्त' असं कुणी सांगितलं तर किलोवॅट विचारा.

आता खरी तुलना जिथे करायची तो भाग, म्हणजे ओन डॅमेज, बोलीभाषेत ओडी. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा हा भाग. २००६ अखेरपर्यंत त्याचेही दर टॅरिफने बांधलेले होते. १ जानेवारी २००७पासून ते मोकळे झाले. कंपन्या आजही साधारण जुन्या टॅरिफच्या चौकटीवरून सुरुवात करतात आणि त्यावर आपापली सवलत देतात. कोणत्या मॉडेलचे क्लेम किती येतात, सुटे भाग किती महाग आहेत, गाडी पेट्रोल की डिझेल, यावरून ती सवलत कमी-जास्त होते. एकाच गाडीला एका कंपनीचं कोटेशन सोळा हजारांचं आणि दुसरीचं चोवीस हजारांचं येतं ते त्यामुळे.

गाडी गावाकडे पासिंग केली की विमा स्वस्त पडतो, असं पुष्कळांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. टॅरिफमध्ये मुंबई आणि पुणे 'ए' झोनमध्ये येतात, कोल्हापूर-सातारा-नाशिक 'बी'मध्ये, हे बरोबर. पण फरक किती? पाच वर्षांच्या आतल्या, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ओडीचा दर 'ए'मध्ये ३.२८३ टक्के आणि 'बी'मध्ये ३.१९१ टक्के. दहा लाखांच्या गाडीवर सवलतीआधी ९२० रुपये. सवलत वजा झाल्यावर पाचशेसुद्धा राहत नाहीत. तेवढ्यासाठी पुण्याचा एमएच-१२ सोडून साताऱ्याचा एमएच-११चा नंबर घेण्यात अर्थ नाही.

प्रीमियम खाली आणण्याचा कंपन्यांचा आणि एजंटांचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आयडीव्ही कमी दाखवणं. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी कमाल रक्कम. एक हिशेब मांडून बघू. तुमच्या एसयूव्हीची एका कोटेशनमध्ये आयडीव्ही ११ लाख २० हजार आहे, दुसऱ्यात साडेनऊ लाख. दोन्हीकडे सवलतीनंतरचा ओडीचा दर १.३ टक्के धरू. पहिल्याचा प्रीमियम १४,५६० आणि दुसऱ्याचा १२,३५०. दोन्हीवर २० टक्के नो क्लेम बोनस वजा करा, जीएसटी मिळवा. फरक उरतो साधारण २,१०० रुपये. हे एकवीसशे रुपये वाचवण्यासाठी तुम्ही एक लाख सत्तर हजारांची भरपाई सोडून दिलेली असते. आणि कोटेशनच्या पानावर ठळक अक्षरात दिसतो तो फक्त एकूण प्रीमियम.

आयडीव्ही मनाला येईल तशी धरायची नसते. गाडीच्या आजच्या शोरूम किमतीतून वयानुसार घसारा वजा होतो : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाच वर्षांनंतर कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. एसयूव्हीच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा, कारण चांगल्या ठेवलेल्या फॉर्च्युनर, इनोव्हा, स्कॉर्पिओला जुन्या बाजारात या तक्त्यापेक्षा कितीतरी चांगला भाव येतो. पाच वर्षांपुढच्या गाडीला वाजवी वरची आयडीव्ही मागायला संकोच करू नका. उलट बाजारभावापेक्षा फुगवलेली आयडीव्ही घेऊ नका, तिने प्रीमियम वाढतो.

मग येतात अ‍ॅड-ऑन. ही जादा पैसे भरून घ्यायची पूरक कव्हरं; एजंट त्यांची आठ-दहा नावं धडाधड वाचून दाखवतो. त्यातली दोन-तीन मोलाची आहेत, बाकीच्यांवर वेळ घालवू नये. पाच वर्षांच्या आतल्या एसयूव्हीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर, घ्याच, आणि का घ्यायची ते बिलावर बघा. समजा गाडी अडीच वर्षांची, दीड लिटरच्या इंजिनाची आहे आणि समोरून ठोकर बसली. बंपर १४ हजारांचा, एलईडी हेडलॅम्प २४ हजारांचा, बॉनेट १६ हजारांचं, रंगकाम १२ हजारांचं. एकूण ६६ हजार. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो, म्हणजे बंपरचे ७ हजार गेले, आणि हेडलॅम्प प्लास्टिकमध्ये धरला तर आणखी १२ हजार. बॉनेटच्या पत्र्यावर या वयाला १५ टक्के, म्हणजे २,४००. रंगाच्या बिलाचा पाव भाग माल म्हणून धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, म्हणजे १,५००. शिवाय प्रत्येक क्लेमला सक्तीचे कापले जाणारे १,००० रुपये. १५०० सीसीच्या वर तेच २,०००. ६६ हजारांपैकी २३,९०० तुमच्या खिशातून जातात. झिरो डेप असती तर हजार रुपये आणि थोडं ऑइल, नटबोल्टचं किरकोळ एवढ्यावर भागलं असतं. हल्लीच्या एसयूव्हीत बंपरमागे सेन्सर आणि समोरच्या काचेवर एडासचा (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा असतो; काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. तो पॉलिसीत धरला जातो का, हे कंपनीला आधीच विचारून ठेवा. वर्षाला झिरो डेपचे किती क्लेम चालतात हेही विचारा. काही कंपन्या दोनवर थांबतात.

दुसरं अ‍ॅड-ऑन इंजिन प्रोटेक्टचं. एसयूव्ही उंच असते म्हणून मालक तिला पाण्यात घालायला कचरत नाही, आणि नेमका तिथेच फसतो. पुराने गाडीचं नुकसान झालं तर ते साध्या पॉलिसीतही येतं. सीट, वायरिंग, इलेक्ट्रॉनिक्स सगळं. पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारली, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर साधी पॉलिसी हात वर करते. डिझेल एसयूव्हीचं इंजिन बदलायचं म्हणजे लाखांचं काम. मुंबई २००५, सांगली-कोल्हापूर २०१९, चिपळूण २०२१ आठवा. कोकण, नदीकाठची गावं, मुंबईतले सखल भाग आणि तळघरातलं पार्किंग, यांपैकी काही तुमच्या वाट्याला येत असेल तर हे कव्हर सोडू नका. आणि कव्हर असो वा नसो, पाण्यात बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. टो करून आणा. इलेक्ट्रिक गाडीला याच कामाचं बॅटरीचं वेगळं कव्हर मिळतं, तेच घ्यायचं.

तिसरं रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर खरेदीची किंमत देणारं कव्हर. पहिली दोन-तीन वर्षं आणि तेही मोठं कर्ज असेल तर घ्यावं. महाराष्ट्रात पंधरा लाखांच्या डिझेल एसयूव्हीचा रोड टॅक्सच दोन लाखांच्या वर जातो. गाडी चोरीला गेली तर आयडीव्ही मिळेल, पण टॅक्सचे पैसे आणि घसारा गेलेला असतो, बँकेचा हप्ता मात्र चालू. या कव्हरमध्ये रोड टॅक्स आणि रजिस्ट्रेशन धरतात की नुसती इनव्हॉइसची किंमत, हे कंपनीगणिक बदलतं. कोटेशनमध्ये नेमकं तेच बघा. किल्ली हरवल्याचं, सामानाचं, गाडी नसताना रोजचा भत्ता देण्याचं कव्हर, ही मी तरी घेणार नाही. रोड साइड असिस्टन्स नव्या गाडीबरोबर बहुतेक वेळा गाडीच्या कंपनीकडूनच मिळालेला असतो. तो दोनदा विकत घेऊ नका.

व्हॉलंटरी डिडक्टिबल घेऊन प्रीमियम कमी करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. जुन्या टॅरिफप्रमाणे प्रत्येक क्लेममध्ये १५ हजार स्वतः भरायची तयारी दाखवलीत तर ओडीवर ३५ टक्के सवलत, पण जास्तीत जास्त अडीच हजार. सहा वर्षं एकही क्लेम आला नाही तर कुठे बरोबरी होते. तुमची कंपनी यापेक्षा बरीच जास्त सवलत देत असेल तरच विचार करा.

खरी मोठी बचत नो क्लेम बोनसमध्ये आहे. पहिल्या वर्षी क्लेम नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षापासून ५०. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी स्विफ्ट विकून तुम्ही एसयूव्ही घेत असाल आणि स्विफ्टवर ५० टक्के जमले असतील, तर ते नव्या गाडीवर चढवता येतात. नव्या एसयूव्हीचा ओडी ४० हजार असेल तर २० हजार तिथेच वाचले. जुन्या कंपनीकडून एनसीबी (नो क्लेम बोनस) रिटेन्शन लेटर घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. शोरूममध्ये हे कुणी स्वतःहून विचारत नाही. जुनी गाडी वडिलांच्या नावावर आणि नवी मुलाच्या, असं असेल तर ते जमत नाही. वारसाहक्काने आलेली गाडी एवढाच अपवाद. आणि पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की जमलेला सगळा बोनस गेला.

बोनसचा हिशेब क्लेम करावा की नाही हे ठरवायलाही लागतो. ओडी दरवर्षी २० हजारांचा आणि यंदा तुम्हाला ३५ टक्के बोनस लागलेला आहे, असं धरा. क्लेम केला नाही तर पुढे ४५, मग ५०, ५०, ५०, ५०. केला तर शून्यावरून पुन्हा चढायचं : ०, २०, २५, ३५, ४५. पाच वर्षांचा फरक बेरजेत १२० टक्के भरतो, म्हणजे २४ हजार. आयडीव्ही घटत जाते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी, पण आठ-दहा हजारांच्या दरवाज्याच्या डेंटसाठी क्लेम टाकणं तोट्याचं आहे हे स्पष्ट दिसतं. बंपर कुठेतरी घासला गेला म्हणून क्लेम टाकणाऱ्याने आधी ही बेरीज करावी.

कोटेशन मागवताना मात्र एक शिस्त पाळा. आधी स्वतः कागदावर लिहा : आयडीव्ही अमुक, झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, व्हॉलंटरी डिडक्टिबल शून्य, बोनस इतका. मग तेच कंपनीच्या स्वतःच्या साइटवर, तुलना करणाऱ्या एखाद्या पोर्टलवर, ओळखीच्या एजंटकडे आणि शोरूममध्ये द्या आणि ओडी, सवलत, प्रत्येक अ‍ॅड-ऑनची रक्कम, थर्ड पार्टी, जीएसटी असं फोडून लिहून मागा. नुसता एकूण आकडा सांगणाऱ्याशी पुढे बोलू नका. मालकाचं १५ लाखांचं अपघाती कव्हर दुसऱ्या गाडीबरोबर किंवा वेगळ्या पॉलिसीत आधीच असेल तर ते पुन्हा घ्यायची गरज नसते, तसं लेखी कळवून ती ओळ काढायला सांगा.

'आमच्याकडूनच घ्या, नाहीतर कॅशलेस मिळणार नाही, वॉरंटीला अडचण येईल,' हे शोरूममध्ये ऐकू आलं तर शांतपणे नाही म्हणा. कॅशलेस हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर अवलंबून असतं आणि विमा कुणाकडून घेतला याचा वॉरंटीशी संबंध नाही. कधी कधी गाडीवरचा डिस्काउंट शोरूमच्या विम्याशी बांधलेला असतो. तेव्हा दोन्हीची ऑन-रोड बेरीज करून बघा. कंपनी निवडताना तुमच्या जवळचं अधिकृत वर्कशॉप तिच्या कॅशलेस यादीत आहे का, हे आधी तपासा. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला शंभर किलोमीटरवरचं कॅशलेस काय कामाचं? हजार-दीड हजारांच्या फरकासाठी मी चांगला एजंट सोडणार नाही. अपघात झाल्यावर सर्व्हेअरला फोन लावणारा, वर्कशॉपमध्ये येऊन उभा राहणारा माणूस लातूर-सोलापूरला पोर्टलवर मिळत नाही.

एसयूव्हीवाल्यांचे क्लेम ज्या कारणाने हमखास फेटाळले जातात ते प्रीमियमच्या आकड्यात दिसतच नाही. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी पैसे घेऊन लग्नाच्या वऱ्हाडाला, शिर्डीच्या फेरीला किंवा गोव्यात पर्यटकांना दिली, तर खासगी पॉलिसीतल्या वापराच्या अटीचा भंग होतो. स्पर्धा आणि वेगाच्या चाचण्याही खासगी पॉलिसीत वगळलेल्या आहेत, थार घेऊन ऑफ-रोड स्पर्धांना जाणाऱ्यांनी हे वाचावं. नंतर बसवलेली सीएनजी किट, महागडे अ‍ॅलॉय, म्युझिक सिस्टिम कंपनीला कळवून पॉलिसीत चढवा. किट आरसीवरही चढलेली हवी. पुढचा लोखंडी बुलबार तर काढूनच टाका, तो बेकायदा आहे.

गाडी जुनी झाली म्हणून नुसती थर्ड पार्टी ठेवण्याचा विचार असेल, तर एसयूव्हीच्या मालकाने दोनदा विचार करावा. सात सीटांत पाव्हणेरावळे बसवून पंढरपूर-अक्कलकोटला जाणारी ती गाडी असते, आणि केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत खासगी गाडीत बसलेल्या माणसांची भरपाई धरलेली नसते. पॅकेज पॉलिसीत ती येते. पॅकेज परवडत नसेल तर प्रवाशांचं वेगळं कव्हर तरी घ्या. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याची कायदेशीर जबाबदारी वर्षाला पन्नास रुपयांच्या आसपास येते. ती ओळ कुठल्याच कोटेशनमध्ये कमी करू नका.

जुनी एसयूव्ही विकत घेणाऱ्याने आरसी नावावर होण्याची वाट बघत बसू नये; ओडीचा भाग आपल्या नावे करून घेण्यासाठी खरेदीपासून चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. तसं न करता गाडी ठोकली तर थर्ड पार्टीचं भागतं, आपल्या गाडीचं नाही.

पॉलिसीची पीडीएफ आली की इंजिन आणि चेसिस नंबर, व्हेरियंट, सीसी, बँकेचं नाव, आयडीव्ही आणि घेतलेली अ‍ॅड-ऑन आरसीशी आणि कोटेशनशी ताडून बघा. चूक असेल तर लगेच एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतली दुरुस्ती, मागा. गेल्या वर्षी क्लेम घेतलेला असूनही बोनस लागलेला दिसला तर स्वतःहून कळवून फरक भरा. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते, आणि हे बहुधा गाडी वर्कशॉपमध्ये उघडून ठेवलेली असतानाच निघतं.